अण्णांच्या नाकाचा ठराव

दुसऱ्याच्या नाकाबद्दल तुम्ही कधी मतदान केलं आहे का?

आम्ही केलं आहे. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, रविवारी सकाळी, पोह्यांच्या ताटल्या बाजूला सारून. तीन मतं पडली आणि तिन्ही एकाच बाजूला पडली. ज्यांचं नाक होतं त्या माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मत दिलंच नाही. ते सभेचे अध्यक्ष होते, आणि आमच्या घरच्या नियमाप्रमाणे अध्यक्षांनी फक्त मतं समसमान पडली तरच आपलं मत द्यायचं असतं.

हा नियम अण्णांनीच घालून दिलेला. ते एका कारखान्याच्या बसवर चालक. सकाळी सिडको, मुकुंदवाडी करत कामगार गोळा करायचे, पैठण रस्त्याने कारखान्यात पोचवायचे, संध्याकाळी परत आणायचे. शिवाय वीसेक वर्षं चालकांच्या संघटनेचं काम. घरात पुस्तकं फार नव्हती, पत्रकं मात्र गठ्ठ्यांनी होती. पिवळी, गुलाबी, ताज्या शाईच्या वासाची. मी जोडाक्षरं शिकले ती 'हक्क', 'निषेध पत्र' आणि 'संघर्ष' यांच्यावर. शाळेत बाईंनी 'क्ष'वरून शब्द विचारले तेव्हा बाकीच्या मुली क्षण, क्षमा, क्षेत्र म्हणाल्या. मी 'क्षोभ' म्हणाले आणि बाईंनी अण्णांना भेटायला बोलावलं.

तर घरात कुठलाही निर्णय सभेशिवाय होत नसे. फ्रिज कुठल्या भिंतीला लावायचा, दादाने मोटारसायकल केव्हा घ्यायची, मी पुढे काय शिकायचं, सगळ्याचे ठराव. इतिवृत्ताची एक लांबट वही होती, ती मी लिहायचे. आई ब्लाउज शिवते; ती शिलाई मशिनवर पाय चालवत चालवतच अनुमोदन द्यायची.

अण्णांच्या घोरण्यावर मात्र कधी सभा झाली नव्हती. पंख्याच्या आवाजासारखं तेही घरातलंच झालं होतं. आई तेवढी सांगायची की घोरणं मध्येच थांबतं, काही वेळ सगळं गप्प होतं, आणि मग पाण्यात बुडी मारलेला माणूस वर यावा तसा ते श्वास घेतात. तिला घोरण्याची नाही, त्या गप्प होण्याची भीती वाटायची. आम्ही दोघं भावंडं हसायचो.

मग एका सकाळी सिग्नलला बस उभी असताना अण्णांचा डोळा लागला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, पहिल्या सीटवरच्या कामगाराने खांदा हलवला, तेव्हा ते जागे झाले. बसमधले हसले. अण्णा हसले नाहीत. बस उभी होती म्हणून काही घडलं नाही, हे त्यांना एकट्याला कळलं होतं. कारखान्यात पोचल्यावर त्यांनी गाडी जागेवर लावली, वाहतूक विभागाच्या साहेबांच्या टेबलावर चावी ठेवली आणि सांगितलं की डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर मी स्टिअरिंगला हात लावणार नाही.

त्यांना असं करायला कुणी सांगितलं नव्हतं. पण संघटनेचं त्या विषयावरचं पत्रक त्यांनीच लिहिलं होतं: 'डोळा लागत असेल तर चावी परत द्या. नोकरी गेली तर संघटना लढेल. जीव गेला तर कुणाला लढता येणार नाही.' मी नऊ वर्षांची असताना त्या पत्रकाच्या घड्या घातल्या होत्या. आपण लिहिलेलं आपल्यावर येतं तेव्हा मागे न सरणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. अण्णा सरले नाहीत, आणि त्या दिवसापासून कारखान्याच्या पार्किंगमध्ये आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला बसले.

साहेब माणूस बरा होता. त्यांनी स्वच्छ सांगितलं की दसऱ्यानंतर बसचं कंत्राट नवं होईल आणि चालकांची यादी पुन्हा तयार होईल. तोवर डॉक्टरांचं पत्र आलं तर तुमची बस तुमची. नाही आलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. दसऱ्याला साधारण तीन महिने होते.

तपासणी झाली. रात्रभर अंगाला वायरी लावून झोपायचं होतं. दादा म्हणाला, अण्णा आपल्या घराच्या मीटरपेटीसारखे दिसतायत. डॉक्टरांनी निकाल समजावून सांगितला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, श्वास अडतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट उठवतो, आणि हे रात्रभर चालतं. म्हणून दिवसा झोप येते. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. उपाय म्हणजे सीपॅप नावाचं यंत्र: उशाशी ठेवायचं, त्यातून नळीने हवा येते, ती मास्कमधून आत जाते आणि घशाची वाट उघडी ठेवते. यंत्रात कार्ड असतं. माणसाने किती तास लावलं, किती हवा बाहेर गळाली, श्वास किती वेळा अडला, सगळं त्यात नोंदतं. ते कार्ड चांगलं आलं की पत्र देतो, असं डॉक्टर म्हणाले. आणि उठता उठता त्यांनी आणखी एक सांगितलं की मास्कचं माप घेणाऱ्या बाई मंगळवारी येतात, तोवर थांबा.

तो दिवस शुक्रवार होता. मी थांबणार नव्हते. माझ्या बापाचा श्वास अडतो आहे आणि मी मंगळवारची वाट बघायची? हे मी डॉक्टरांच्या दारातच मोठ्याने म्हणाले. आम्ही तडक दुकान गाठलं, यंत्र घेतलं आणि मास्कांचं चित्र असलेला कागद घेऊन घरी आलो.

मग ती रविवारची सभा. कागदावर तीन चित्रं होती. एक मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. दुसरा फक्त नाकावर बसणारा. तिसरा अगदीच लहान, नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन मऊ उशा असलेला; त्याला पिलो म्हणतात. मी उभं राहून भाषण केलं. म्हणाले, अण्णा तोंड उघडं ठेवून झोपतात हे सगळ्यांना माहीत आहे. नुसत्या नाकाचा मास्क म्हणजे अर्धं काम. अर्धं काहीच नको, पूर्ण पाहिजे. दादा वाळूजच्या एका कंपनीत माल तपासायच्या कामाला आहे. त्याचं म्हणणं, अण्णांचा चेहरा मोठा, तेव्हा माप मोठंच घ्या, सैल वाटलं तर पट्टे आवळता येतात. आई म्हणाली, झोपेत निसटायचा नाय असा घ्या. तिसऱ्या चित्राकडे पाहून तर आम्ही सगळेच हसलो. एवढ्याशा वस्तूने एवढ्या मोठ्या माणसाचं काय होणार? नाक-तोंड झाकणारा, मोठ्या मापाचा मास्क आणायचा ठराव एकमताने मंजूर झाला. अध्यक्षांनी वहीवर सही केली.

पहिल्या रात्रीपासून हवा गळायला लागली. अण्णांना भरघोस मिशी होती, आई लग्न करून आली तेव्हापासूनची. मास्कची कड त्या मिशीवर टेकायची आणि खालून सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी हवा निघायची. वरून डोळ्यांत जायची. सकाळी डोळे लाल. अण्णा पट्टे आवळायचे. नाकाच्या हाडावर वळ उमटला. आईने वळाला खोबरेल तेल लावलं, तर तेलाने मास्क आणखी घसरायला लागला. आम्ही रोज सकाळी विचारायचो, कसं वाटतंय? अण्णा म्हणायचे, बरं आहे. आणि आम्ही आपापल्या कामाला जायचो.

तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी मिशी काढली. कुणाला न विचारता, सलूनमध्ये जाऊन. दारात उभे राहिले तेव्हा आईने आधी पदर सावरला आणि मग ओळखलं.

"हे कोण पाहुणं आलंय?" ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आत गेली. ती हसते आहे की रडते आहे, हे मला बराच वेळ कळलं नाही. हसत होती. पार्किंगच्या वॉचमनने तर त्या दिवशी अण्णांकडे ओळखपत्र मागितलं.

मिशी गेली तरी हवा गळतच राहिली. फक्त आवाज बदलला. सहा आठवड्यांनी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेलो तर पडद्यावर आलेख दिसला: मास्क रात्री दोन ताससुद्धा टिकत नव्हता, आणि त्या दोन तासांत गळती एवढी की यंत्र जणू खोलीलाच श्वास देत होतं. मग कळलं की अण्णा झोपेत तो ओढून काढत, पहाटे पलंगाखाली शोधून उशाशी ठेवत, आणि सकाळी आम्हाला बरं आहे म्हणून सांगत. डॉक्टरांनी पत्र दिलं नाही. दसऱ्याला आता दीड महिना राहिला होता.

मला संताप आला. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी मनात पत्रक लिहायला घेतलं. दुकानाचा निषेध, यंत्र बनवणाऱ्यांचा निषेध, आलेखाचासुद्धा. मथळा तयार होता. तेवढ्यात मास्कवाल्या बाईंनी आत बोलावलं. तो मंगळवार होता.

त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. लासूर स्टेशनहून रेल्वेने यायच्या, डोक्यावर ओढणी, हातात मापाची पुठ्ठ्याची पट्टी. त्यांनी आमचा मास्क उजेडात धरला, बोटाने चोळला, वास घेतला.

"चाचा, इसकू खोबरेल किसने लगाया?"

आई म्हणाली, मी.

"और ये इतना बडा किसने पसंद किया?"

अण्णांनी घसा साफ केला. म्हणाले, "ठराव झाला होता."

बाईंना कळेना. मग मी, दादा आणि आई, तिघांनी मिळून त्यांना रविवारची सभा सांगितली. भाषण, अनुमोदन, अध्यक्षांची सही. त्या आधी ऐकत होत्या, मग खुर्चीत बसल्या, मग हसून हसून ओढणीने डोळे पुसायला लागल्या.

"चाचा, नाक तुमचं. तुम्ही काय बोलले सभेत?"

"अध्यक्षाला बोलता येत नाय, बेटा."

"और बाद में? दीड महिना?"

"एकदा ठराव झाला की पाळायचा असतो. आपणच मोडला तर पोरांनी काय शिकायचं?"

माझ्या मनातला मथळा पुसला गेला. दुकानदाराने आम्हाला काही चुकीचं दिलं नव्हतं. आम्ही मागितलं ते दिलं होतं. डॉक्टरांनी थांबा म्हटलं होतं, मी थांबले नव्हते. आणि ज्या माणसाने हयातभर चालकांना बोला, तोंड उघडा म्हणून सांगितलं, त्याच्या नाकाचा प्रश्न आला तेव्हा मी त्याच्या वतीने इतकं छान बोलले होते की त्याला बोलायला जागाच उरली नाही.

बाईंनी मग जे विचारलं ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. कुठल्या कुशीवर झोपता? डाव्या. तोंड उघडं का राहतं? अण्णा म्हणाले, आधी रस्त्याची धूळ, आता पार्किंगची, नाक चोंदतं. बाईंनी त्यांना तोंड मिटून काही मिनिटं नुसतं नाकाने श्वास घ्यायला लावला. अण्णांना जमलं. डॉक्टरांनी आत येऊन नाक पाहिलं, फवाऱ्याचं औषध लिहून दिलं, आणि म्हणाले की नाक मोकळं असेल तर बहुतेकांना नाकाचा मास्कच आधी देऊन पाहतो. मोठ्या मास्कला कडा जास्त, आवळावा जास्त लागतो, गळतोही जास्त. कुणाला तोच लागतो, पण ते बघून ठरवायचं.

बाईंनी पुठ्ठ्याची पट्टी अण्णांच्या नाकाला लावली. दादाचं मोठं माप तिथंच निकालात निघालं. अण्णांचा चेहरा मोठा, नाक मध्यम. मग त्यांनी अण्णांना तपासणीच्या पलंगावर डाव्या कुशीवर झोपवलं आणि यंत्र सुरू केलं. "बसून लावलेला मास्क आणि झोपून लावलेला मास्क, दोन अलग गोष्टी," त्या म्हणाल्या. "माणूस आडवा झाला की चेहरापण आडवा होतो." नाकावरचा मास्क लावला तर उशीवर टेकलेल्या गालाकडून तो उचलला जात होता. शिवाय वरच्या ओठावर दोन दिवसांचे खुंट होते, तिथून बारीक हवा येत होती. मग त्यांनी तिसरा काढला. आम्ही हसलो होतो तो, दोन मऊ उशांचा.

तो नाकपुड्यांशी टेकला, पट्टा सैलसर बसला. अण्णांनी एकदा हात वर केला, हवेच्या जोराने दचकून. बाईंनी जोर सावकाश चढेल असं बटण दाबलं. हात खाली आला. बाहेर दुपारची रहदारी चालली होती, खोलीत यंत्राचा अगदी हलका आवाज. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो. पाच-सात मिनिटांत अण्णा झोपले.

मी त्यांना कधी असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. घोरणं नाही, दचकणं नाही, ते आईला घाबरवणारं मधलं गप्प होणंही नाही. छाती वर, छाती खाली. आई पुढे झाली, छातीपासून वीतभर अंतरावर तळवा धरून उभी राहिली, आणि तसाच धरून राहिली.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर दोन पेशंट थांबले होते. आई त्यांच्याकडे न बघताच हळू म्हणाली, "दहा मिनिटं राहू दे बाई. लई वर्षांनी झोपलेत."

बाईंनी बाहेर जाऊन त्या पेशंटना चहा सांगितला.

उठल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न मिशीचा विचारला. या मास्कला मिशी चालते का? बाई म्हणाल्या, हौ, चालते, हा तिच्यावर बसतच नाही. आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"या अल्ला. मूंछां इसके वास्ते काटे चाचा?"

अण्णा म्हणाले की तेवढा एक निर्णय मी सभेशिवाय घेतला, आणि तोच चुकला.

पुढचं काही जादूने झालं नाही. पहिल्या आठवड्यात नाक कोरडं पडायचं. यंत्राला पाण्याची टाकी जोडून हवा ओलसर केल्यावर ते थांबलं. कधी झोपेत तोंड उघडायचं आणि हवा फुस्कन बाहेर यायची, मग अण्णा स्वतःच जागे होऊन हसायचे. नाक मोकळं झालं तसं तेही कमी झालं. आईने पट्ट्याखाली गालाला लागू नये म्हणून जुन्या सुती साडीच्या दोन पट्ट्या शिवल्या. मास्क रोज सकाळी साबणाच्या पाण्याने धुवायचं काम माझ्याकडे आलं, आणि खोबरेलाची बाटली दुसऱ्या खोलीत गेली. सगळ्यात मोठा बदल म्हणजे अण्णा बोलायला लागले. सकाळी कसं वाटतंय विचारलं की बरं आहे म्हणत नसत. डावीकडून टोचतंय. नळी मानेखाली येते. दोन वाजता जाग आली. एवढी तक्रार करणारा माणूस आमच्या घरात पहिल्यांदाच राहत होता, आणि आई प्रत्येक तक्रारीला जिलेबी मिळाल्यासारखा चेहरा करायची.

महिन्याने कार्ड दाखवलं. आलेखाच्या उभ्या रेघा रोज सहा तासांच्या वर होत्या, गळतीची रेघ जमिनीला टेकलेली. डॉक्टरांनी अण्णांना दिवसा येणाऱ्या झोपेबद्दल बरेच प्रश्न विचारले आणि मग पत्र लिहिलं. दसऱ्याला बारा दिवस होते. साहेबांनी पत्र वाचलं, यादीत नाव घातलं आणि चावी परत दिली. पहिल्या दिवशी मी मुकुंदवाडीच्या थांब्यापर्यंत त्या बसमधून गेले, नियम मोडून. अर्धवट उगवलेल्या मिशीवरून मागचे कामगार अण्णांची टिंगल करत होते. एकाने विचारलं, ड्रायव्हरसाहेब, हप्त्याहप्त्याने आणताय का मिशी? अण्णा आरशात बघून म्हणाले, व्हय, उरलेली दिवाळीला. बस सिग्नलला थांबली. सिग्नल सुटायच्या आधीच त्यांचा हात गिअरवर गेलेला मी पाहिला.

मी अजून पत्रकं लिहिते. न बोलणाऱ्यांच्या वतीने बोलायला पाहिजे यावर माझा विश्वास तसाच आहे. फक्त आता लिहायला बसण्याआधी मी त्या माणसाकडे जाते आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबते. मला हे फार अवघड जातं. अण्णा म्हणतात, जमेल हळूहळू.

म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे, आणि ती उद्यावर टाकू नका. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाला हे यंत्र लावून दिलं असेल, तर आज त्यांना मास्क लावून, ज्या कुशीवर झोपतात त्या कुशीवर आडवं व्हायला सांगा. यंत्र सुरू करा. नाकाजवळ, गालाजवळ, डोळ्यांजवळ हात धरून हवा कुठून निसटते ते बघा, आणि विचारा: कुठं टोचतंय? मग गप्प बसा. 'बरं आहे' हे उत्तर धरू नका, पुन्हा विचारा. आणि मास्क बसत नसेल तर तो कपाटात टाकू देऊ नका, स्वतः नवा निवडूनही आणू नका. त्या माणसालाच घेऊन माप घेणाऱ्यांकडे जा, आणि तिथं त्यांनाच बोलू द्या.